रेघेतलं पाणी

सव्वाअकराला फुगा सोडते.
सुटताना तो हाताला एक हिसका देतो,
दावं तुटलेल्या कोकरासारखा,
मग थोर्लाकुरच्या कुरणावरून तिरका
नदीपलीकडे.
त्याच्या पोटाखाली लोंबणारी कपाएवढी डबी
मला वरचं सगळं सांगत राहते,
तो फुटेपर्यंत.

एगिलस्तादिरला जुलैत एवढं ऊन म्हणजे
उधारीवर आणलेलं.
थोर्लाकुर कुंपणाशी ट्रॅक्टर बंद करून उभा.
"कापू का गवत?"
थांब, म्हणते, अजून चार हजारांवरच आहे तो.
"तुझ्या फुग्याआधी मला ती सांगतात,"
आणि हनुवटीने वर दाखवतो.

दोन विमानं, युरोपकडून अमेरिकेकडे,
एकाच वाटेची, वेगळ्या उंचीची.
पहिल्यामागे बोटभर शेपूट:
पुढून विणलं जातं, मागून उसवतं.
दुसऱ्याची रेघ या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत,
मागचं टोक तर पिंजायलाही लागलेलं.

"एकाचं इंजिन जुनं असणार."

नाही रे.
दोघांची इंजिनं तेच करतात,
रॉकेल जाळतात, वाफ सोडतात, काजळी सोडतात.
उणे त्रेपन्नात ती वाफ थिजते
काजळीच्या कणाकणाला धरून,
जानेवारीत आपलाच श्वास
मफलरवर पांढरा होऊन बसतो तशी.
इथवर दोघांची गोष्ट एकच.
पुढचं आभाळ ठरवतं.

कोरड्या थरात ते कण
जन्मताच चाटूनपुसून साफ.
पण तीनशे मीटर वर दुसरा थर असतो,
दिसायला तसाच निळा,
बर्फाच्या मानाने शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेला.
ओतप्रोत भरलेला, आणि धरायला काही नाही
म्हणून गप्प.
त्याला निमित्त हवं असतं फक्त.
विमान निमित्त देतं आणि निघून जातं.
मग तो थर स्वतःचंच पाणी
त्या रेघेत ओतत बसतो,
तासन् तास.
संध्याकाळी आपण ज्याला विमानाची रेघ म्हणतो
तिच्यात विमानाचं म्हणण्यासारखं
जवळजवळ काहीच उरलेलं नसतं.

स्टेनुन,
त्या दिवशी दारात बूट चढवताना
तू सात शब्द बोललीस.
तू इथेच होतीस, तरी ती एकटी गेली.

मी रात्रीचा फुगा सोडायला गेले होते.
वीस मिनिटं.

हेच तू मावशीला म्हणाली असतीस
तर कॉफी निवायच्या आत विरलं असतं.
तिचं आभाळ कोरडं, ठणठणीत.
माझ्याकडे ते अकरा वर्षं पसरतंय.
आता त्याला कडा नाहीत.
कुणी विचारलं तर म्हणते, आज जरा ढगाळ आहे.

पाण्यावरची रेघ, दगडावरची रेघ,
असं लोक वेगवेगळं बोलतात.
मी रोज पाहते त्या दोन्ही पाण्याच्याच.
अकरा वर्षं मी तुझ्या नावाने मोजत होते, स्टेनुन.
चिमूटभर काजळी तुझी.
बाकी पाणी माझं.
हे तुला पत्रात लिहिता येत नाही,
लिहिलं की माफ केल्यासारखं वाटतं,
आणि तसं ते नाही,
किंवा आहे, पण कुणी कुणाला,
ते लागत नाही.

पडद्यावर आकडा येतो.
दहा हजार चारशे मीटर, एकशे बारा टक्के,
आणि थर जाड, वरपर्यंत जाड.
खिडकीतून ओरडते:
नको कापू! उद्या रात्रीपर्यंत पाऊस!

थोर्लाकुर मान डोलावतो.
टोपी काढतो, डोकं खाजवतो,
सूर्याभोवतीचं फिकट कडं बघतो,
आणि अर्धं कुरण कापतो.